कोळप्याचा दांडा

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला ‘एखाद्या अवजाराचा इतिहास सांगा’ असे पत्र धाडले, तेव्हा त्यांच्या मनात हातोडा असावा, नाहीतर विळा. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार! आम्ही मात्र कोळपे निवडले. तेही बैलांनी ओढायचे नव्हे, तर एका चाकाचे, माणसाने हातांनी ढकलायचे. शहराबाहेरच्या मळ्यांवरून जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. पुढे सायकलीचे जुने चाक, मागे धरायला दोन मुठी, आणि चाकाच्या मागे जमिनीलगत एक आडवी लोखंडी पास. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, की हा गृहस्थ बैठक नसलेली सायकल भाजीच्या वाफ्यातून ढकलीत कुठे निघाला आहे?

या वस्तूचे काम समजायला सोपे आहे. कुदळीने किंवा खोऱ्याने माती हलवायची तर प्रत्येक घावाला अवजार उचलावे लागते आणि उचललेले पुन्हा टाकावे लागते. दिवसभरात ते वजन हजारो वेळा उचलले जाते, आणि ते उचलण्यात गेलेल्या श्रमाने मातीचे काहीच होत नाही. चाकाच्या कोळप्यात वजन चाक वाहते. माणसाने फक्त ढकलायचे, जरासे मागे ओढायचे, पुन्हा ढकलायचे. पास अंगठ्याच्या पेराएवढी खोल, सगळीकडे सारखी चालते आणि तणाची मुंडी मुळापासून वेगळी करते. दोन अटी मात्र आहेत. जमीन वाफशावर असली पाहिजे. ओलीत पास चिखलाने भरते, कोरडीत वर उड्या मारते. आणि तण कोवळे असले पाहिजे. तण गुडघ्याला लागल्यावर कोळपे काढणाऱ्याची फजिती होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. तिसरी गोष्ट अट नव्हे, पण आमच्या आजच्या विषयाचे मर्म तीच आहे: हे काम उभ्याने होते. पाठ सरळ राहते, मान वर राहते, समोरून कोण येतो ते दिसते.

माणसाने उभ्याने काम करावे की वाकून, हे वरवर पाहता मातीने आणि पिकाने ठरवायचे. आमचा अनुभव असा नाही. आम्ही आठवीनंतर शाळा सोडून एका ओतशाळेत लागलो. तिथे वाळू भरायची फावडी होती. फावड्याचा दांडा मोडला, की कोठीवाला नवा दांडा देत नसे. मोडलेलाच तासून पुन्हा बसवून देई. दर खेपेला दांडा चार बोटे आखूड होई, आणि दर खेपेला आम्ही चार बोटे अधिक वाकत असू. पुढे आम्ही त्याच कारखान्यात संघटना बांधली, बोनससाठी एकवीस दिवसांचा संप केला, तो जिंकलाही. मागण्यांच्या यादीत बारा कलमे होती. दांड्याचे कलम त्यात नव्हते. ते आम्हांला सुचलेच नाही. ही लाज मनात धरूनच आम्ही पुढे नगर वाचनालयात अवजारांचा इतिहास वाचू लागलो, आणि वाचता वाचता कोळप्यापाशी येऊन थांबलो.

प्रथम आपल्याकडचे. ओळीत पेरणे आणि दोन ओळींमधली माती पिकाला धक्का न लावता हलवणे, ही दख्खनच्या शेतकऱ्याची जुनी विद्या आहे. तिफणीने किंवा पाभरीने पेरायचे, आणि पीक वितीएवढे झाले की त्यात बैलांचे कोळपे घालायचे. बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून त्यांना मुसकी बांधायची. एका जुवाला दोन-दोन, तीन-तीन कोळपी जोडायची आणि प्रत्येकाच्या रुमण्यावर एकेक माणूस चालायचा. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जाणती माणसे सांगत आली. १७९५ साली टॉमस हॉलकॉट नावाच्या एका इंग्रज कप्तानाने दक्षिण भारतातली पेरणीची अवजारे पाहून लंडनच्या कृषिमंडळाला पत्रे लिहिली. ओळीत पेरण्याचे यंत्र हा अलीकडचा युरोपीय शोध आहे अशी त्याची समजूत होती. इथले साधे शेतकरी ते सर्रास वापरताना पाहून तो चकित झाला. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी डॉक्टर व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून आले. १८९३ सालच्या आपल्या अहवालात त्यांनी इथल्या शेतांच्या तणमुक्त, निर्मळ राखणीची मनापासून तारीफ केली आहे.

हॉलकॉट ज्याला युरोपीय शोध समजत होता, तो इंग्लंडात ज्याच्या नावावर आहे त्या जेथ्रो टलकडे आता वळू. टल १६७४ साली जन्मला आणि १७४१ साली वारला. शिकला वकिली, पण प्रकृतीमुळे म्हणा वा परिस्थितीमुळे म्हणा, शेतीत पडला. त्याने १७०१ च्या सुमारास पेरणीचे यंत्र केले, एवढे शाळेच्या पुस्तकांत असते. ते का केले, हे पुस्तकांत नसते. पण टलने स्वतःच ते लिहून ठेवले आहे. त्याला सेनफॉइन नावाचे चाऱ्याचे पीक ओळीत आणि विरळ पेरायचे होते. त्याने मजुरांना सऱ्या पाडून हाताने पेरायला शिकवले. पहिल्यांदा काम ठीक झाले. दुसऱ्यांदा, तो म्हणतो, मजुरांनी संगनमताने काम बिघडवले. तेव्हा त्याने त्यांना काढून टाकले आणि मनाशी ठरवले, की या हातांपेक्षा इमानाने पेरील असे यंत्र तरी करीन, नाहीतर हा नाद सोडीन. चर्चमधल्या ऑर्गन वाद्याची आतली रचना त्याला ठाऊक होती. त्यातल्या पडदीची आणि कमानीची युक्ती घेऊन त्याने बी सोडणारी पेटी तयार केली.

म्हणजे ज्याला आधुनिक शेतीचे पहिले यंत्र म्हणतात, ते संप फोडण्यासाठी जन्माला आले! आमच्या पेशाच्या माणसाला हे वाचून खुर्चीत नीट बसावेसे वाटते. टलची साक्ष ही एका बाजूची साक्ष आहे. त्या मजुरांना रोज किती मिळत होता, विरळ पेरण्यात त्यांचे किती दिवसांचे काम बुडत होते, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

पुढे तब्येत सुधारायला टल फ्रान्स-इटलीत गेला. दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत दोन ओळींमधली जमीन वारंवार हलवलेली त्याने पाहिली. घरी परतल्यावर हंगरफर्ड गावाजवळच्या आपल्या शेतावर त्याने गव्हाच्या ओळींत घोड्याचे कोळपे घातले. १७३१ साली त्याने त्यावर पुस्तक काढले आणि १७३३ साली ते वाढवून पुन्हा छापले. एकाच शेतात खत न घालता तेरा वर्षे गहू घेतला, असा त्याचा दावा होता. कारण मात्र त्याने साफ चुकीचे सांगितले. त्याच्या मते झाडे मातीचे सूक्ष्म कण मुळांनी खातात. म्हणून माती जितकी बारीक, तितके झाडाला अन्न जास्त, आणि खताची गरज नाही! लोकांनी त्याची टर उडवली ती याच मुद्द्यावर. पण कोळपणीने पीक सुधारते हे खोटे नव्हते. पुढे १९१२ साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने मक्यावरच्या पुष्कळशा प्रयोगांचे निष्कर्ष छापले. त्यांत एका बाजूला नीट कोळपलेली जमीन होती, आणि दुसऱ्या बाजूला माती न हलवता नुसते तण खरवडून काढलेली. दोन्हीकडे उत्पन्न जवळपास सारखेच आले. कोळपणीचा मुख्य उपयोग तण मारणे हाच, असे त्यातून निघाले. आपल्या काळ्या रानात भेगा बुजवून ओल राखणे हा आणखी एक उपयोग आहे, पण तो काळ्या रानापुरता.

एक विनोद सांगून टलला निरोप देतो. टलचे हे पुस्तक १८२० नंतरच्या दशकात पुन्हा छापले ते विल्यम कॉबेट यांनी. कॉबेट म्हणजे इंग्लंडातल्या शेतमजुरांचा कैवारी पत्रकार, तुरुंगवास भोगलेला. मजुरांवर चिडून यंत्र करणाऱ्या माणसाचा ग्रंथ मजुरांच्या वकिलाला इतका आवडला! चांगले अवजार कोणाच्या बाजूचे असते, हे ठरवणे सोपे नाही, याची आम्हांला पहिली जाणीव इथे झाली.

घोड्याचे कोळपे मोठ्या शेताचे. भाजीच्या मळ्यात घोडा फिरवता येत नाही. पाय पडला की कोबी गेली. ही अडचण सोडवली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल लीड्स ॲलनने. हा १८४१ चा जन्म, १९१८ चा मृत्यू. क्वेकर पंथाचा, न्यू जर्सीत शेती असलेला. त्याने प्रथम खत पेरणारे यंत्र केले ते हात धुण्याची दोन घमेली तोंडाला तोंड लावून. ती जोडी कड्यासकट शनी ग्रहासारखी दिसू लागली, म्हणून यंत्राचे नाव ‘प्लॅनेट’. मागाहून केलेल्या धाकट्या यंत्राचे नाव ‘प्लॅनेट ज्युनिअर’, आणि तेच नाव पुढे त्याच्या साऱ्या अवजारांना चिकटले. ॲलनच्या नावावर शेकडो पेटंटे होती. त्याच्या चाकाच्या कोळप्याला एक चाक असे, किंवा दोन. दोन चाकांचे कोळपे पिकाच्या ओळीच्या दोन्ही अंगांनी चाले आणि एका खेपेत ओळीच्या दोन्ही बाजू साफ करी. मागे पास लावा, दाते लावा, छोटा नांगर लावा. एकाच सांगाड्यावर सगळे बसे. शेतीची अवजारे हिवाळ्यात खपत नाहीत. आपल्या माणसांना बारमाही काम असावे म्हणून त्याने बर्फावरून घसरण्याची मुलांची गाडी काढली, असे सांगतात. १८८९ साली तिचे पेटंट झाले आणि ती कोळप्याहून प्रसिद्ध झाली. कारखानदाराने कामगारांच्या रिकाम्या महिन्यांचा विचार केल्याची उदाहरणे आमच्या संग्रहात फार नाहीत. म्हणून ही एवढी मुद्दाम नोंदवतो.

आता प्रश्न असा, की हे सुटसुटीत, उभ्याने चालवायचे कोळपे घेई कोण? घेई तो माणूस, ज्याचा मळा स्वतःचा आणि पाठही स्वतःची. घरामागे परसबाग असलेला गृहस्थ, किंवा शहराच्या कडेला भाजी पिकवून बाजारात नेणारा छोटा माळी. ज्याला स्वतःच्या कमरेची किंमत स्वतःलाच मोजावी लागते, तो चाकाचे पैसे आनंदाने देतो.

त्याच देशात, त्याच काळात, दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात काय चालले होते ते पाहा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे बीटसाखरेची आणि पुढे सॅलडच्या पानांची, म्हणजे लेट्यूसची, अफाट शेती उभी राहिली. बी दाट पेरायचे, रोपे उगवली की वितीच्या अंतरावर एकेक ठेवून बाकीची काढायची. हे विरळणीचे काम मजूर करीत. आधी चिनी, मग जपानी, फिलिपिनो, आणि अखेरीस मुख्यतः मेक्सिकन. १९४२ ते १९६४ या काळात तर दोन सरकारांच्या कराराने मेक्सिकोतून मजूर आणले जात. या मजुरांच्या हाती जे कुदळीसारखे अवजार दिले जाई, त्याचा दांडा हातभराचा, कधी त्याहूनही आखूड. स्पॅनिश भाषेत त्याला ‘एल कोर्तीतो’ म्हणत, म्हणजे ‘आखूडले’. दुसरे नाव होते ‘सैतानाचा हात’. एका हातात ते, दुसऱ्या हाताने रोपे वेगळी करायची, आणि कमरेत काटकोन करून मैल मैल लांब ओळींतून दिवसभर सरकायचे.

लांब दांड्याची कुदळ त्या देशात नव्हती असे नाही. इतर राज्यांत तेच काम लांब दांड्याने होत असे. मालक म्हणत, आखूड दांड्याने काम नेटके होते, रोप दुखावत नाही. आणखी एक कारण होते. ते मालक कमी बोलत आणि मजूर जास्त. दांडा आखूड असला, की कोण काम करतो आणि कोण थांबला आहे हे मुकादमाला गाडीत बसल्या बसल्या दिसते. जो उभा, तो कामचुकार. पाठ सरळ करणे हाच गुन्हा! शिवाय त्या काळी तिथली मोठी मोठी माणसे उघड बोलत, की मेक्सिकन लोक बुटके असतात, त्यांना वाकण्याचा त्रास होत नाही. हे वाक्य वाचून आम्ही पुस्तक मिटले होते. ‘बायकांना बसून काम करायची सवयच असते’ हे वाक्य आपल्या गावांत आम्ही किती वेळा ऐकले होते, आणि किती वेळा मान डोलावली होती, ते त्या रात्री आठवत बसलो.

सेसार चावेझ (१९२७ ते १९९३) हे शेतमजुरांचे पुढारी लहानपणापासून त्या आखूडल्याने राबलेले. १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटना उभी केली. पाठदुखीने त्यांना जन्मभर सोडले नाही. त्यांच्या वडिलांचे आखूडले आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहे. पण आखूडल्याचा निकाल लागला तो संपाने नव्हे, अर्जाने. सलिनास खोऱ्यात गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी एक संस्था होती. तिथले तरुण वकील मॉरिस जोर्डेन यांना मजुरांनीच सुनावले, की आमच्यासाठी काही करायचे असेल तर या आखूडल्याचे करा. जोर्डेन स्वतः ते घेऊन शेतात वाकून आले. १९७२ साली मजुरांच्या वतीने सरकारच्या औद्योगिक सुरक्षा खात्याकडे अर्ज गेला. डॉक्टरांनी साक्षी दिल्या, की या अवजाराने पाठीचे मणके कायमचे निकामी होतात. खात्याच्या नियमांत ‘असुरक्षित हातहत्यारे वापरू नयेत’ असे एक कलम होते. १९७३ साली खात्याने अर्ज फेटाळला. कारण काय, तर असुरक्षित म्हणजे मोडके, सैल, चिरलेले हत्यार. आखूडले तर धडधाकट आहे!

मंडळी, सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी दाद मागितली आहे, त्यांना या युक्तिवादाची गोडी वेगळी सांगायला नको. हत्यार धड आहे. मोडतो तो माणूस, आणि माणसाचे कलम नाही.

वकील वरच्या न्यायालयात गेले. जानेवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने खात्याचा अर्थ चुकीचा ठरवला. हत्यार मोडके नसले तरी ते ज्या रीतीने वापरायला लावले जाते त्यामुळे इजा होत असेल, तर तेही असुरक्षितच, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंदी आली. लेट्यूसची शेती बुडेल असे भाकीत होते. शेती बुडाली नाही. मजूर लांब दांड्याने विरळणी करू लागले. पण गोष्ट इथेच संपत नाही. काही मालकांनी दांडाच काढून टाकला आणि नुसत्या हातांनी, वाकून, तण उपटायला लावले. हात हे काही हत्यार नव्हे! त्यावर निर्बंध घालणारा नियम यायला २००४ साल उजाडले, आणि त्यातूनही रासायनिक औषधे न वापरणाऱ्या शेतीला सूट द्यावी लागली.

आता पुन्हा घरी येऊ.

आपल्या शेतात उभ्याचे काम आणि बसण्याचे काम अशी वाटणी फार जुनी आहे. दोन ओळींमधले तण कोळप्याने निघते. ते बैलांचे, उभ्याचे, पुरुषाचे काम. ओळीतल्या दोन रोपांमधले तण कोळप्याला लागत नाही. ते खुरप्याने काढायचे. ते बसण्याचे, बाईचे काम. याला कुठे खुरपणी म्हणतात, सांगली-कोल्हापूरकडे भांगलण, वऱ्हाडात निंदण. नाव कोणतेही घ्या, बाया एका रेषेत पात धरून बसतात आणि उकिडव्याने पुढे सरकत जातात. सकाळी बसलेली बाई दुपारच्या भाकरीला उठते तेव्हा आधी गुडघ्यावर हात ठेवते, मग जमिनीवर, मग उठते. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तरी बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी, ही रीत पुष्कळ गावांत आजही चालू आहे. कारण विचारले तर उत्तर मिळते, की बाईचे काम हलके असते, बसून असते.

सायकलीचे कोळपे आले ते या दोन कामांच्या मध्ये. बैलजोड्या कमी झाल्या, बैल सांभाळणे परवडेना, तेव्हा गावोगावच्या लोहारांनी आणि वेल्डिंगवाल्यांनी भंगारातल्या सायकलीचे पुढचे चाक घेऊन त्याला पास जोडली. सायकल आणि शेतीचे लोखंड यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले, आणि त्याच धंद्यातून पुढे लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून सुरुवातीला तो कोणी घेईना, ही हकीकत आपल्याला ठाऊकच आहे. सायकलीच्या कोळप्याविषयी तसला संशय कोणी घेतला नाही. संशय आला तो दुसऱ्याच बाजूने.

काही वर्षांपूर्वी आम्ही शेतमजूर बायांच्या एका सभेला गेलो होतो. कृष्णाकाठचे गाव, भाजीचा आणि उसाचा मुलूख. आम्ही बरोबर एक नवे कोळपे नेले होते. कॅलिफोर्नियाची सारी कथा रंगवून सांगितली, पाठीचे मणके सांगितले, कोर्टाचा निकाल सांगितला आणि शेवटी कोळपे पुढे ओढून म्हणालो, की आता तुम्हीही उभ्याने काम करा. आमच्या मते भाषण उत्तम झाले होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “भाऊ, ह्यो गाडा येका दिसात चार बायांचं काम करतोय म्हनता. मग उरलेल्या तिघींनी त्या दिशी काय खायचं, त्येबी सांगा की.”

सभा हसली नाही. आम्हीही हसलो नाही. आम्हांला हंगरफर्ड आठवले. टलने जिथे गव्हात कोळपे घातले, त्याच गावात आणि शेजारच्या किंटबरीत १८३० सालच्या नोव्हेंबरात शेतमजुरांचे जमाव मळणीची यंत्रे फोडीत हिंडले होते. हिवाळ्यात काठीने मळणी करणे हेच त्यांचे चार महिन्यांचे पोट होते, आणि ते यंत्राने काढून घेतले होते. त्या हिवाळ्यात दक्षिण इंग्लंडभर ही आग पसरली. एकोणीस जणांना फाशी झाली आणि सुमारे पाचशे माणसे जहाजांत घालून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला हद्दपार केली गेली. त्या मजुरांना मळणीची काठी प्रिय होती म्हणून त्यांनी यंत्रे फोडली, असे म्हणणारा माणूस त्या काठीने कधी मळलेला नसतो. म्हातारीलाही खुरप्याचे प्रेम नव्हते.

तिला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि तसे आम्ही कबूल केले. उत्तर बायांनीच शोधले. पुरे नव्हे, अर्धेमुर्धे. रोजाने जायचे नाही, एकराचे काम उक्ते घ्यायचे. बचतगटाच्या पैशांतून दोन कोळपी घ्यायची. दोघींनी ओळींमधून कोळपे चालवायचे, बाकीच्यांनी रोपांमधले तेवढे खुरप्याने काढायचे, आणि दर तासाने पाळी बदलायची. पैसे सगळ्यांना सारखे. काम चार दिवसांचे दोन दिवसांत उरकू लागले. उक्त्याचा दर त्यांनी चार दिवसांचाच लावून धरला आणि उरलेल्या दोन दिवसांत दुसऱ्या गावचे रान धरले. दोन हंगाम हे चांगले चालले. तिसऱ्या हंगामात बऱ्याच बागायतदारांनी तणनाशकाचे पंप काढले. फवारणारा गडी एकटा येतो. त्याला ना कोळपे लागते ना खुरपे. आता टोळीला काम मिळते ते मुख्यतः भाजीच्या मळ्यांत, जिथे औषध मारले तर पीकही जळते. आमची आणि बागायतदारांची दराची बोलणी चालू आहेत. त्यांचेही दर बाजारात पडलेले असतात, हे आम्ही नाकारीत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. नवी कोळपी रानात नेली त्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच बायांचे खांदे भरून आले. आम्ही म्हणालो, सवय नाही म्हणून. म्हातारी काही बोलली नाही. तिने कोळप्याची मूठ स्वतःच्या छातीशी लावून दाखवली. ज्या वेल्डिंगवाल्याने कोळपे केले होते, त्याने दांडा आपल्या उंचीने बेतला होता. संध्याकाळी ती स्वतः दोन्ही कोळपी घेऊन त्याच्या दुकानी गेली, समोर उभी राहिली, आणि मूठ कमरेपाशी येईपर्यंत त्याच्याकडून दांडा कापून घेतला.